घासलेला नंबर

शारजा
रविवार, ५ जानेवारी २०२५

तात्या,

जय भीम. सात वर्षं होत आली, आणि हे माझं पहिलं पत्र. रडगाणं लावणार नाही, माफीबिफी काही नाही. काम आहे. पत्र्याचं काम आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो.

फोनचा उपयोग नाही. चाळीस वर्षं हातोडी मारून तुमच्या कानांचं काय झालंय ते आई सांगते. (आईशी मी दर शुक्रवारी बोलतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत नाही. तसंच राहू द्या.) मी पानावर लिहिणार, फोटो काढून मैत्रीला पाठवणार, बहीण म्हणून तेवढं करते ती, हडपसरच्या तिच्या ऑफिसात मोठं करून छापणार आणि घरी येऊन तुमच्यापुढे ठेवणार. अक्षराला हसू नका. नववीत शाळा सोडली तेव्हा होतं तेच आहे.

आता मुद्दा. एरंडवण्यातल्या देवस्थळींची लाल गाडी. लांब नाक, गोल दिवे, दोनच सिटा, आणि छप्पर एवढं खाली की तुम्हाला आत बसताना टोपी काढावी लागायची. आपण तिला नुसती 'इटालियन' म्हणायचो. तिचं नाव बेल्लान्द्री. तोरिनो नावाच्या शहरात एका छोट्या कारखान्याने अशा एकेचाळीस गाड्या केल्या, सगळा पत्रा हाताने ठोकून, आणि मग त्यांचं दिवाळं निघालं. देवस्थळींचे वडील तिकडे इंजिनिअर होते, त्यांनी बोटीने आणली. एकेचाळीसपैकी अडतीस गाड्या कुठे आहेत ते जगाला माहीत आहे. तीन बेपत्ता. त्यातली एक पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे आणि तिच्यावर मांजर झोपतं.

माझ्या मालकाला ती विकत घ्यायची आहे. नाव कोरादो, इटलीचा, वय सत्तर. स्वभाव तुमच्यासारखा, म्हणजे बोलत नाही आणि बोलला की लागतं. आमचं गॅरेज फक्त जुन्या इटालियन गाड्या करतं. पत्र्याच्या कामाला मी हेड आहे. कोणीतरी त्याला पुण्यातल्या गाडीचा फोटो पाठवला, त्याने मला विचारलं, मी म्हटलं, ओळखतो.

घाई आहे. देवस्थळींचा बंगला पाडून बिल्डर इमारत बांधतोय. २८ फेब्रुवारीला ताबा. तोवर गाडी गेली नाही तर भंगारवाला कापून नेणार.

मी त्यांना फोन केला. नाव सांगितलं. म्हटलं, "काका, गाडी घ्यायची आहे, पण चासी नंबर लागेल." ते म्हणाले, "तो तुमच्या तीर्थरूपांकडे ठेवायला दिलाय. सात वर्षं झाली, अजून परत आला नाही."

म्हातारा तसाच आहे.

तर अडचण तीच आहे. एप्रिल २०१८ला ती गाडी आपल्याकडे रंगाला आली आणि परत गेली तेव्हा चासीवरचा नंबर गायब होता. त्याचं पुढे काय झालं ते मी लिहायला नको. झालं ते झालं. पण नंबर नाही म्हणजे ती एकेचाळीसातली एक हे सिद्ध होत नाही, आणि मग कोरादो तिला हात लावणार नाही.

पण त्या गाडीवर नंबर आणखी एका ठिकाणी आहे, आणि तो काढायला तुमचा हात लागेल. जाल का ते मैत्रीकडे सांगा.

समाधान


शारजा
१२ जानेवारी

तात्या,

मैत्री सांगते, तुम्ही पत्र वाचलंत. दोनदा. मग ते एका अल्टोच्या मागच्या काचेवर चिकटवलंत, काचेवर रंग उडू नये म्हणून, आणि डिकीला पांढरा मारलात.

मला वाईट वाटलं नाही. ऑफिसचा कागद आहे, चांगला जाड असतो. रंग पलीकडे गेला नसेल.

तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा माणूस पाठवीन, अशी धमकी द्यायचं ठरवलं होतं. पण कोणाला पाठवू? त्या गाडीला हात लावायच्या लायकीची पुण्यात दोनच माणसं. एक तुम्ही. दुसरा इकडे आलाय.

म्हणून पुन्हा लिहितो. या वेळी मुद्द्याचं.

आईच्या ताटवाट्यांवर काय लिहिलंय? 'सौ. राधा तात्याराव ओव्हाळ', टिंबाटिंबाने. कशासाठी? लग्नकार्यात भांडी एकत्र होतात, मग ज्याचं ताट त्याच्या घरी जावं म्हणून. त्या कारखान्यात तेच करायचे. हाताने ठोकलेलं दार दुसऱ्या गाडीला बसत नाही, एकाच गाडीला बसतं. रंगाला जाताना सगळी दारं, बॉनेट, डिक्या एका ढिगात. मग परत कोणाचं काय हे कळावं म्हणून कारागीर प्रत्येक पत्र्याच्या आतल्या बाजूला गाडीचे शेवटचे आकडे पंचाने ठोकायचा. मालकाला दाखवायला नाही, स्वतःसाठी. हे कोणत्याच पुस्तकात नाही. मला कोरादोने दाखवलं, एका दुसऱ्या बेल्लान्द्रीच्या दारात माझं बोट धरून.

उजवं दार. आतलं अस्तर काढायचं. बिजागरीच्या खाली एक वीत. दिसणार नाही, साठ वर्षांचा मळ असेल. हाताला लागेल. त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, आरटीओवाला फिरवतो तशी.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, पण खोडत नाही. मला तो माणूस आठवतो. गाडीचे जुने कागद वाळवीने खाल्ले होते, ते नवे करायला देवस्थळी तिला घेऊन गेले, आपण दोघंही बरोबर होतो, आणि तो चासीवर कागद धरून पेन्सिल फिरवत होता आणि कागद नुसता काळा होत होता. एक आकडा उमटला नाही. आधी तो हसला. मग नाही हसला.

देवस्थळींनी अर्ज दिला की ओव्हाळ डेंटरने चासी बदलली, मूळची विकून खाल्ली. तुम्ही चौकीत सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसलात. तुम्ही एवढंच म्हणालात की माझ्या हातून घासला गेला, चोरी नाही केली. काही सापडलं नाही, सोडलं. पण देवस्थळींनी जुन्या गाड्यांच्या क्लबलाही पत्र घातलं, आणि जेल रोडला आपल्या दारात ज्या फियाट, अँबॅसडर, मॉरिस यायच्या त्या यायच्या बंद झाल्या. आता तुम्ही अल्टोची डिकी करता.

म्हणून जा, तात्या. माझ्या कामासाठी नका जाऊ. तुमच्यासाठी जा.

समाधान


शारजा
२६ जानेवारी

तात्या,

मैत्रीने अकरा मिनिटांचा आवाज पाठवला. मी तो गॅरेजमध्ये तीनदा लावला. आमच्याकडचा केरळचा रंगारी, त्याला मराठी येत नाही, तोही शेवटी हसायला लागला.

तुम्हाला तिथे अर्धं ऐकू आलं नसेल म्हणून मी लिहून ठेवतो.

तुम्ही फाटकाशी उभे राहिलात. देवस्थळी बाहेर आले, चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "ओव्हाळ ना? या. आता बंगलाच जाणार आहे, काय न्यायचं ते न्या."

तुम्ही मैत्रीला विचारलंत, "काय म्हणाले?"

ती म्हणाली, "या म्हणाले."

मग तुम्ही त्यांना नमस्कार केलात, आणि त्यांना करावा लागला. मैत्रीला मी पगारातून भेट पाठवणार आहे.

त्यांच्या मुलीने, नीरजाताईंनी, चहा आणला. त्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही चहा ठेवलात आणि पहिल्यांदा मांजराला उतरवलंत, मग ताडपत्री. मैत्री म्हणते, तुम्ही गाडीकडे बघत उभे राहिलात आणि देवस्थळी तुमच्याकडे.

"स्क्रू-ड्रायव्हर देऊ का?" त्यांनी विचारलं.

"सुरी द्या. भाजीची. बोथट असेल ती."

"आमच्याकडे सगळ्या बोथटच आहेत. आणि आता धार लावून करायचंय काय?"

तुम्ही सुरी अस्तराखाली सारलीत आणि एकही खिळा न मोडता ते काढलंत. आत उंदराने घर केलेलं. हात घातलात, डोळे मिटलेत. मला ते दिसतं, तात्या. तुम्ही पत्रा बघायचा असला की डोळे मिटता. मग म्हणालात, "आहे."

कागद होता, पेन्सिल नव्हती. देवस्थळींनी शब्दकोड्याची पेन्सिल खिशातून काढून दिली. "परत द्या. उभे शब्द राहिलेत."

आणि कागदावर एक आणि सात आले. सतरा.

"म्हणजे गाडी माझीच आहे?" ते म्हणाले. मैत्रीने तुमच्या कानाशी पुन्हा सांगितलं.

तुम्ही म्हणालात, "दार तुमचं आहे. बाकीचं बघावं लागेल."

कोरादोला हे मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, हा माणूस कोण? मी म्हटलं, माझे वडील. तो म्हणाला, मग तू असा कसा?

आता पुढचं. बेपत्ता तीनमध्ये सतरा आहे. कोरादो दोन दिवस झोपला नाही. पण एका दाराने भागत नाही, दार बदलता येतं. चासीवरचा नंबर पाहिजेच. तो घासलाय, पण गेलेला नाही. हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. आकडा ठोकला की खालचं लोखंड दबतं. वरचा खड्डा घासून सपाट केला तरी दाब आत राहतो. तुम्हीच म्हणायचात, ठोकलेला पत्रा कडक होतो. तर ती जागा आधी बारीक कागदाने आरशासारखी करायची, आणि मग एक तांब्याचं मीठ घातलेलं ॲसिड कापसाने फिरवायचं. दबलेली जागा वेगळा रंग घेते. आकडे काही मिनिटं वर येतात. ॲसिड विमानाने पाठवता येत नाही, पण नीरजाताईंना कृती पाठवलीय. त्यांनी लिहिलं, हे तर आम्ही मुलांना शिकवतो, फक्त गाडीवर करत नाही.

जागा कुठली ते तुम्हाला माहीत आहे. पुढचा आडवा पट्टा, रेडिएटरच्या खाली.

आणि एक कागद लागेल. घासलेला नंबर म्हटलं की सगळीकडे एकच अर्थ लावतात, चोरीची गाडी. म्हणून ज्याने घासला त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, कधी, कशाने, कशासाठी. कोरादो म्हणतो, लोखंड खोटं बोलत नाही, तेव्हा त्या कागदातलं आणि लोखंडावरचं जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर तो व्यवहार सोडून देणार.

ते कोणी लिहायचं ते बघू. आधी जागा तयार करा.

समाधान


शारजा
९ फेब्रुवारी

तात्या,

मैत्रीचा निरोप आला. तुम्ही म्हणालात, "त्यात बघायचं काय? मी घासला, मी लिहून देतो. काय लिहायचं ते पोराला विचार."

काय लिहायचं ते सांगतो. पण तुम्ही लिहायचं नाही.

मैत्री, तू हे छापताना वाचशील. वाच. आईलाही वाचून दाखव.

२१ एप्रिल २०१८, शनिवार. दौंडचे अण्णा वारले होते, तुम्ही त्यांच्या तेराव्याला नाही, पुण्यानुमोदनाला गेला होतात. (बघा, इकडे राहून शब्दही चुकायला लागले.) जाताना सांगितलंत, पुढच्या पट्ट्याला फक्त तारेचा ब्रश मार, बाकी मी आल्यावर. मी एकोणीस वर्षांचा. नवीन ग्राइंडर आठच दिवसांपूर्वी आलेला, हात शिवशिवत होते. ब्रश मारला तर गंजाखालून काहीतरी वेडेवाकडे ओरखडे निघाले. मला वाटलं, कोणीतरी अडाण्याने छिन्नी मारलीय. आपल्याकडच्या गाड्यांना नंबर बॉनेटखालच्या पत्र्यावर असतो, एवढं मला ठाऊक. तिकडे खाली कोण नंबर घालतं? आकडा असा एकही वाचता येत नव्हता, पण मी वाचायचा प्रयत्न तरी कुठे केला?

मी घासला. साठ नंबरची चकती, मग ऐंशी. डावीकडून उजवीकडे, शेवटी जरा जास्त दाब पडला म्हणून उजवं टोक खोल गेलं. मग प्रायमर, थोडी पुट्टी, काळा रंग. अर्ध्या दिवसाचं काम.

रविवारी तुम्ही आलात. गाडीखाली वाकलात, डोळे मिटलेत आणि त्या पट्ट्यावरून हात फिरवलात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मग म्हणालात, "हाताला बरोबर लागतंय."

तात्या, तुम्ही आयुष्यात माझ्या कामाला चांगलं म्हणालात ते एवढंच. मी ते आजवर जपून ठेवलंय. आणि ते त्याच जागेचं होतं.

पुढे आरटीओत कागद काळा झाला तेव्हा मला कळलं की ते ओरखडे म्हणजे काय होते. तुम्हालाही त्याच वेळी कळलं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. देवस्थळींनी विचारलं, "कोणी केलं हे?" तुम्ही थांबलात. मला आता कळतं की तुम्ही थांबला होतात. मी बुटांकडे बघत होतो. मग तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून घासला गेला."

तुम्ही चौकीत होतात तेव्हा मी समोरच्या हातगाडीशी उभा होतो. दोन वडापाव खाल्ले. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू. दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता जाऊन सांगतो. तीन आठवडे तेच वाटत राहिलं. घरात तुम्ही मला ओरडला नाहीत, मारलं नाहीत, नुसते रोज सकाळी माझ्याकडे बघायचात आणि हातोडी उचलायचात. मला वाटायचं, नंबर घासला म्हणून रागावलात. मग एजंट भेटला आणि मी निघून आलो. नंबरासाठी तुम्ही रागावला नव्हतात हे कळायला मला इथे चार वर्षं लागली. रोज सकाळी तुम्ही मला वेळ देत होतात.

आता बाकीचंही सांगून टाकतो, हात भरलाच आहे तर.

कोरादोला कोणी फोटो पाठवला नाही. मैत्रीने सांगितलं की देवस्थळींचा बंगला पडणार, त्या रात्री मीच तिला फोटो काढायला पाठवलं आणि सकाळी कोरादोच्या टेबलावर ठेवला. आणि मी इथे हेड नाही. हेड कोरादो आहे. मी त्याच्या उजव्या हाताला उभा असतो. पण तिथे दुसरं कोणी उभं राहत नाही, एवढं खरं.

काल त्याला सांगितलं की नंबर घासणारा मी. त्याने काम थांबवलं नाही. बराच वेळ कानस चालवत राहिला. मग माझा ग्राइंडर उचलला, कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली. म्हणाला, "वर्षभर हाताने घास. म्हणजे काय घासतोस ते दिसेल." मी विचारलं, नोकरी? तो म्हणाला, गाडीचं लोखंड तुझ्या कागदाशी जुळलं तर आहे.

म्हणजे माझंही त्या पट्ट्यावरच आहे. असू दे. मला भीती वाटत नाही. साठ, मग ऐंशी, उजवीकडे खोल. तसंच निघेल.

सोबत माझा कागद. एक कोरादोला दिला, एक देवस्थळींना पाठवलाय. वर लिहिलंय, "मी समाधान तात्याराव ओव्हाळ, हा नंबर मी घासला. वडील त्या दिवशी गावात नव्हते."

सात वर्षांपूर्वी हे एवढंच वाक्य होतं, तात्या. तोंडात मावत नव्हतं.

समाधान


शारजा
२० फेब्रुवारी

तात्या,

आधी कामाचं. कोरादोने गाडी घेतली. काल संध्याकाळी देवस्थळींशी बोलणं पक्कं झालं. रक्कम ऐकून म्हाताऱ्याने फोन नीरजाताईंना दिला आणि म्हणाला, "तू ऐक, मला वाटतं माझाही कान गेला."

पट्ट्याचं सगळं मैत्रीने सांगितलं. तुम्ही तीन दिवस रोज बसने एरंडवण्यात गेलात. जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली पडलात आणि मी भरलेली पुट्टी, मी मारलेला रंग, सगळं हाताने उतरवलंत. ग्राइंडर नेला होतात, पिशवीतून काढलाच नाहीत. दुसऱ्या दिवशी देवस्थळी खुर्ची घेऊन तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला शब्दकोड्यातला एक शब्द विचारला. तुम्हाला ऐकू गेला नाही. मग त्यांनी पेपर गाडीखाली सरकवला आणि तुम्ही पडल्या पडल्या लिहून दिलात. मैत्री म्हणते, बरोबर होता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

ॲसिड नीरजाताईंनी फिरवलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा लोखंडातून धुरासारखे आकडे वर आले. डावीकडचे स्पष्ट, मग एक, आणि उजव्या टोकाला, जिथे माझा दाब जास्त पडला होता, तिथे शेवटचा आकडा आलाच नाही. नुसती एक आडवी रेघ. सातची टोपी.

कोरादोला फोटो मिळाला तेव्हा मी समोर होतो. त्याने भिंग लावलं. उजवं टोक बघितलं. माझा कागद बघितला. "इथे खोल गेलास." मी म्हटलं, गेलो. मग दारावरचा तुमचा पेन्सिलचा ठसा शेजारी ठेवला. दारावर सतरा, पट्ट्यावर एक आणि टोपी. तो म्हणाला, जुळलं. तुझं आणि लोखंडाचं, दोघांचं.

ग्राइंडरची किल्ली मात्र अजून त्याच्याच खिशात आहे.

देवस्थळींचं पत्र मला आलं, ईमेलवर. जसंच्या तसं लिहितो.

"चि. समाधान, आपला कबुलीजबाब मिळाला. सात वर्षं मी चुकीच्या माणसाशी वैर केलं आणि आता योग्य माणूस परदेशात आहे, ही फार गैरसोय झाली. या वयात नव्याने वैर सुरू करण्याचा उत्साह राहिलेला नाही. सबब तो विषय संपला. चौकीतला अर्ज चुकीचा होता असं लेखी देऊन आलो. क्लबलाही कळवलं आहे. तिथल्या ज्या सभासदांना तुमच्या वडिलांकडून गाड्या करून घ्यायच्या आहेत त्यांनी रांगेत माझ्या नावाचा उपयोग करू नये, असंही लिहिलं आहे. अनंत देवस्थळी."

मैत्री म्हणते, परवा जेल रोडला एक मॉरिस येऊन उभी राहिली. तुम्ही तिच्या मालकाला सांगितलंत, मार्चनंतर या. मला हे ऐकून एवढं हसू आलं की कोरादोने वर बघितलं.

आता तुमची चिठ्ठी.

मैत्रीने तिचा फोटो पाठवला. पॉलिश पेपरच्या पाठीवर, सुताराच्या पेन्सिलने. मी ती मोठी करून बघितली. मग छापून घेतली. आमच्याकडेही जाड कागद आहे.

तुम्ही लिहिलंत:

"समाधान, पत्र मिळालं. काचेवर लावलं नाही. उशीर केलास. गाडी अठ्ठावीसला सकाळी ट्रकवर चढवायची आहे. पुढचं चाक फिरत नाही, उचलून घ्यावी लागेल. हमाल पत्रा दाबतील. कुठे धरायचं ते कळणारी दोन माणसं लागतील. एक मी आहे."

एवढंच. खाली सही, पूर्ण नाव, जणू पावती.

मी ते कोरादोला वाचून दाखवलं, जमेल तसं. दुसरा माणूस कोण, असं त्याने विचारलंच नाही. रजेचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, गाडीबरोबर परत ये. मग थोडा विचार करून म्हणाला, की नाही आलास तरी गाडी पाठव.

ते तुम्ही आणि मी समोरासमोर बघू. मोठ्याने बोलीन.

दुसरा माणूस सव्वीसला पहाटे लोहगावला उतरतोय. घ्यायला येऊ नका, रस्ता माहीत आहे. आईला आधी सांगू नका, उद्या शुक्रवार आहे, मीच सांगीन. हातमोजे आणतो, दोन जोड. बाकी हत्यारं तुमची.

आणि उचलताना गाडीचं पुढचं तोंड मी धरीन, तात्या. तिथला पट्टा माझ्या ओळखीचा आहे.

समाधान